व्याह्याने पंगतीत नाक धरलं

राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणतात. आमच्या बनखंडीचा राग तिथे बिऱ्हाड करून राहिला होता, भाडंही न देता. मी त्याची थोरली बहीण, किशोरी, सगळ्या गल्लीची जीजी. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, तेव्हापासून माहेरीच आहे. त्यामुळे बनखंडीबद्दल जे सांगते ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव थोडंच.

विश्रामघाटाच्या मागच्या गल्लीत त्याचं खुरचनचं दुकान आहे. मंद आचेवर दूध आटवायचं, कढईच्या कडेला साय चढवत न्यायची आणि ती खरवडून एकावर एक थर लावायचे. काम असं की धीर नसेल तर हातच लावू नये. कढईपुढे बनखंडी दिवसभर गायीसारखा शांत. पण गिऱ्हाइकाने "कालचं नाही ना?" एवढं विचारू दे, की झाला भडका. "कालचं हवं असेल तर काल यायचं होतंस!" म्हणून माणसाला पायरीवरून उतरवायचा. माकडांशीसुद्धा भांडायचा. मथुरेत राहून माकडांशी वैर धरणारा दुसरा हलवाई दाखवा, मी त्याचे पाय धुऊन पाणी पिईन.

त्याला आवरू शकायची ती एकटी त्याची बायको, कालिंदी. ती काही त्याची समजूत वगैरे काढायची नाही. तो तापला की त्याच्यासमोर पाण्याचा लोटा आदळायची आणि म्हणायची, "आधी हे प्या, मग मला मारा." मारलं कधीच नाही. प्यायचा मात्र गटागटा. ती गेली तेव्हा गोकुलेश, त्यांचा एकुलता मुलगा, नुकता दुकानात बसायला लागला होता. साधा ताप म्हणता म्हणता गेली. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं की बनखंडी ताडकन उठून बाहेर जायचा, दार असं आपटायचा की खुंटीवरचे कपडे पडायचे. मग आम्ही नाव घेणंच सोडलं. कोण रोज कपडे उचलणार?

आता लग्नाची गोष्ट. आमच्याकडे वराकडची मंडळी जेवायला बसली की वधूकडच्या बायका गारी गातात. गारी म्हणजे शिव्याच, पण सुरात. व्याह्याचं टक्कल, त्याचं कूळ, त्याची बहीण, आणि सगळ्यात जास्त त्याची बायको. कुणालाही सोडत नाहीत. विहीण कुणाबरोबर पळाली, घाटावर कुणाला डोळा मारला, सगळं चवीने गायचं. आणि व्याह्याने ते ऐकत, हसत जेवायचं. ज्या पंगतीत गारी झाली नाही ती पंगत आळणी. पण व्याही रागाने पानावरून उठला, तर त्याहून मोठा अपमान नाही. मी स्वतः या गल्लीतली नावाजलेली गारीवाली. माझ्या तोंडाला लागून रडकुंडीला आलेले व्याही मी पाहिलेत, पण पानावरून उठलेला एकच. तो माझाच भाऊ.

गोकुलेशची पहिली सोयरीक ठरली, साखरपुड्याची पंगत बसली. कालिंदीला जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. आई वारली असेल तर तिला सोडून आत्येवर गायचं, हा रिवाज. पण गाणाऱ्या बायकांना नावं पुरवणारी न्हावीण नवी होती, तिने पोपटासारखं सांगून टाकलं, मुलाची आई कालिंदी. वरच्या सज्जातून पहिली ओळ उतरली:

"विहीण बाई कालिंदी निघाली बाजारी,
पेढेवाल्यासंगं पळाली, नवरा झोपला शेजारी!"

बनखंडी ताडकन उठला, पत्रावळ उचलली आणि भिरकावली. रश्शासकट ती होणाऱ्या व्याह्याच्या नव्या धोतरावर. लग्न तिथेच मोडलं. पुढे पाच वर्षं आमच्या घराचं नाव काढलं की मुलीचे बाप म्हणायचे, "मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण बाप पंगतीत बसवायच्या लायकीचा नाही." आम्ही चौबे सगळे मथुरेतलेच, सोयरिकी आपसातच. एकाच्या घरची शिंक सगळ्यांच्या घरी ऐकू जाते.

गोकुलेश बापाला उलट बोलला नाही कधी. बोलणंच कमी केलं. बापलेक एकाच कढईपुढे बसायचे आणि "लाकूड सार", "आच कमी कर" यापलीकडे शब्द नाही. मला वाटायचं, भांडा रे एकदाचे कडाकडा, मोकळे तरी व्हाल. पण छे!

अखेर हरप्रसादांच्या मुलीचं स्थळ आलं. मुलगी गुणाची, हसरी. हरप्रसाद स्पष्ट माणूस. माझ्यासमोर बसून म्हणाले, "जीजी, आम्हाला मुलगा पसंत आहे. पण पंगत होईल, गारी होईल. व्याही उठले तर मुलगी पाठवणार नाही. वरात आली तशी परत न्यावी लागेल."

"नाही उठणार," मी म्हटलं. देवाचं नाव घेऊन खोटं बोलायची मला सवय आहे.

त्या संध्याकाळी गोकुलेशने कढई घासता घासता, बापाकडे न बघता सांगितलं, "दद्दा, तुम्ही पंगतीला येऊ नका. बरं वाटत नाही म्हणून सांगू."

मी म्हटलं आता कढई उडणार. उडाली नाही. बनखंडी उलथनं खाली ठेवून म्हणाला, "मुलाच्या लग्नात बापाचं पान मांडायचं नाही?"

"मांडलेलं पान उधळण्यापेक्षा न मांडलेलं बरं," गोकुलेश म्हणाला.

रात्री बनखंडी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे घाटाकडे गेला तो सरळ रेवतीरमण पहलवानाच्या आखाड्यात. रेवतीरमण आता म्हातारा, कुस्ती सुटली, पण सकाळी पोरांना मातीत बसवून प्राणायाम शिकवतो. बनखंडी त्याच्यासमोर जाऊन बसला आणि म्हणाला, "गुरू, मला राग येतो."

"हे सांगायला आलास?" पहलवान म्हणाला. "यमुनापारच्या गाढवांनाही ठाऊक आहे ते."

सगळा आखाडा हसला. बनखंडी उठायच्या बेतात होता, पण बसला. तिथेच मला वाटतं त्याने अर्धी लढाई मारली.

पहलवानाने त्याला नाडीशोधन शिकवलं. ताठ बसायचं, डोळे मिटायचे. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजवी नाकपुडी दाबायची आणि डावीने श्वास घ्यायचा. मग अनामिकेने डावी दाबायची, उजवीने सोडायचा. पुन्हा उजवीने घ्यायचा, डावीने सोडायचा. बस, एवढंच. "घ्यायचं कुणालाही जमतं," पहलवान सांगायचा, "तान्हं पोरही घेतं. दमाने सोडायला शीक. सोडताना नाकापुढे पीस धरलं तरी हलता कामा नये."

बनखंडीचं पीस पहिल्या दिवशी पार समोरच्या भिंतीपर्यंत गेलं म्हणे.

पण चिकाटी होती त्याची. कढईच्या माणसाला ती असतेच. रोज आखाड्यातून आला की अंगणात सतरंजी टाकून पुन्हा बसायचा. एके दिवशी मला म्हणाला, "जीजी, शांततेत शांत राहून काय उपयोग? तू गारी म्हण."

"काय?"

"म्हण. मी नाक धरून बसतो. सवय व्हायला हवी."

आता भावाने आपणहून शिव्या मागाव्यात, हे भाग्य कुठल्या बहिणीला मिळतं? मी तांदूळ निवडायला घेतले आणि सूर लावला. त्याच्या टकलापासून सुरुवात केली, मग पोट, मग आमचे आजोबा, ज्यांनी एका पैजेत परातभर जिलेबी खाल्ली आणि आठवडाभर अंथरुणात काढला. पहिल्या दिवशी आजोबांवर आल्यावर त्याने डोळे उघडले. "ए जीजी, तू बहीण आहेस की सवत?"

"सवत असते तर केव्हाच पळाले असते. नाक धर!"

हळूहळू जमायला लागलं. मी गायचे, तो डावीने घ्यायचा, उजवीने सोडायचा. शेजारची पोरं भिंतीवर चढून बघायची. मी माझ्याच नावाची गारी म्हटली, आमच्या बापाची म्हटली, चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. एकच नाव मी घेतलं नाही. जिभेवर यायचं, पण मी तांदळातला खडा काढावा तसं बाजूला काढायचे. त्यालाही कळायचं, मलाही.

दुकानात मात्र फजिती झाली. एका बाईने विचारलं, "भय्या, खुरचन ताजं आहे ना?" झालं, बनखंडीने डोळे मिटले आणि नाक धरलं. बाई चार पावलं मागे गेली. "अगंबाई, हलवाईच नाक धरतोय! माल आंबलाय वाटतं." गल्लीत बातमी. त्या दिवशी अर्धं खुरचन घरीच खावं लागलं. मी पहलवानाकडे जाऊन भांडले. तो म्हणाला, "पंगतीत हात लावू नकोस म्हणावं. मनातल्या मनात डावी-उजवी कर. तेही चालतं."

गोकुलेश हे सगळं बघत होता. लग्नाला आठवडा उरला तेव्हा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बुआ, दद्दांचं पान मांडायला सांग." बनखंडीला मी ते सांगितलं. त्याने चुलीत लाकूड सारलं आणि बराच वेळ सारतच राहिला.

लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी मोठी पंगत. अंगणात पाट मांडलेले, वर सज्जात बांबूच्या चिकाचे पडदे, त्यामागे बायका. त्यांची म्होरकी बिट्टो मौसी, वधूची आजेमावशी. आम्ही दोघी गारीतल्या वैरिणी, म्हणजे मैत्रिणी. पूर्वी वराकडच्या बायका वरातीबरोबर जात नसत. आता जातात, म्हणून मी खांबाआड बसले होते आणि देवाला नवस बोलत होते. बनखंडी मधल्या पाटावर, शेजारी हरप्रसाद वाढायला उभे, समोर गोकुलेश. पोराने पुरीचा तुकडासुद्धा मोडला नव्हता.

पुऱ्या आल्या, डुबकीवाले आलू आले, तिखटजाळ, वर लाल तवंग. बिट्टो मौसीने खाकरून सुरुवात केली:

"व्याही आले सजून, धोतर इस्त्रीचं,
आत बघा फाटकं, ठिगळ मिस्त्रीचं!"

बनखंडी हसला. खरंखुरं, दात दाखवून. टकलावर गायल्या, त्याने पगडी काढून टक्कल पुढे केलं. पंगत खदखदली. आजोबांवर गायल्या, त्याने आणखी एक जिलेबी मागून घेतली. मी खांबाआडून बघत होते. छाती संथ वर-खाली होत होती, डावीने, उजवीने. वाटलं, जिंकलो रे बाबा! मग माझ्यावर आल्या:

"वराची बुआ गोरी, गेली पाण्याला,
घागर दिली नावाड्याला, डोळा घाटवाल्याला!"

मी खांबाआडूनच ओरडले, "घाटवाला म्हातारा आहे गं मेले, दुसरा बघ!" आणि पुन्हा हशा.

आता क्रमाने जागा होती ती विहिणीची, वराच्या आईची. सगळ्यांना ठाऊक होतं. ढोलकीवाली एक ठेका जास्त वाजवत राहिली. पडद्यामागे कुजबुज झाली. बिट्टो मौसीने शहाणपणा केला, वराच्या आईची जागा ओलांडून ती थेट वराच्या मामांवर गेली. चांगुलपणानेच केलं तिने. हरप्रसादांनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला खांबापर्यंत ऐकू आला.

आणि बनखंडीचा हात वर गेला. सवयीचा हात, उजवा, आलूच्या रश्शाने बरबटलेला. अंगठा उजव्या नाकपुडीवर, अनामिका डावीच्या तोंडाशी, आणि त्याने डावीने जोरात श्वास ओढला.

अरे देवा! मथुरेच्या आलूचं तिखट नाकात गेलेला माणूस कधी पाहिलात? आधी त्याचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. खांदे थरथरायला लागले. ढोलकी थांबली. पाच वर्षांपूर्वीची पत्रावळ तिथल्या प्रत्येक माणसाला आठवली. शेजारच्याने आपलं धोतर आवरून घेतलं. गोकुलेशने मान खाली घातली, आणि मला त्याच्या मानेकडे बघवेना.

हरप्रसाद वाढायचं पातेलं घेऊन तसेच उभे. कसंबसं म्हणाले, "व्याही, नाक धरलंत. आमच्या अन्नाला वास येतोय का?"

मी खांबाआडून बाहेर आले. आता लाजून काय उपयोग! "अहो, वास नाही हो! तो प्राणायाम करतोय!"

"पंगतीत?" कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात बनखंडी शिंकला. अशी शिंक की सज्जातले पारवे उडाले. एक, मग दुसरी. हरप्रसादांनी लोटा पुढे केला. त्याने तो घेतला, गटागटा प्यायला, उपरण्याने तोंड पुसलं. सगळं अंगण त्याच्या पायांकडे बघत होतं, उठतो की काय. तो उठला नाही. पाटावर मांडी नीट घातली आणि वर सज्जाकडे बघून म्हणाला,

"मौसी, एक नाव राहिलं."

सज्जातला एक पडदा जरासा बाजूला सरला.

"वराच्या आईचं. तिला का वगळलंत? तुमच्या मुलीची सासू आहे ती. आज तिला शिव्या नाहीत, मग लग्न कुणाच्या मुलाचं आहे?" आवाज चिरकला त्याचा. तिखटाने की कशाने, मी सांगू शकत नाही. "कालिंदी तिचं नाव. गा."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. आमच्या बनखंडीचं उघडायला पाच वर्षं आणि वाडगाभर तिखट लागलं.

बिट्टो मौसी पक्की. दुसरी असती तर हुंदके देत बसली असती. हिने ढोलकीवालीला कोपर मारलं असणार, कारण ठेका लगेच सुरू झाला. आधी जुनीच, बाजाराची आणि पेढेवाल्याची. बनखंडी ऐकत राहिला. हात मांडीवर, श्वास संथ. "पेढेवाला कशाला," तो मध्येच ओरडला, "घरचा हलवाई सोडून?" आणि अंगण फुटलं हसून. मग मौसीने तिथल्या तिथे दुसरं कडवं रचलं:

"कालिंदी गं कालिंदी, गेलीस कुणाच्या पाठी?
नाक धरून बसला नवरा तुझ्या एका शिवीसाठी!"

मी वराकडची, मी गायचं नाही, हा नियम. पण मीही सूर मिसळला. बोला काय बोलायचं ते. माझी भावजय होती ती, मला तिचं नाव मोठ्याने घ्यायला मिळालं होतं. मी रडले आणि गायले, दोन्ही बेसूर.

गोकुलेश उठला. नवरदेवाने पंगतीत उठायचं नसतं, पण उठला. हरप्रसादांच्या हातातलं पातेलं घेऊन बापाच्या पत्रावळीवर आलू वाढले. "दद्दा, आता डाव्या हाताने धरा," तो म्हणाला. बनखंडी हसला आणि जेवला. पत्रावळ पुसून जेवला.

परतताना रिक्षात मी विचारलं, "त्या वेळी उठलास आणि आज तीच गारी मागून घेतलीस, हे काय रे?"

त्याने उपरण्याने पुन्हा नाक पुसलं. "त्या दिवशी नाव ऐकवलं नाही, म्हणून उठलो. मग तुम्ही घरात तिचं नाव घेणं सोडलंत, माझ्या भीतीने. इतकी वर्षं कुणी घेतलं नाही, जीजी. आज त्यांनीही सोडलं, तेव्हा कळलं की मी तिला घरातून हाकलून दिलंय. परक्या बायकांकडे मागावं लागलं तिचं नाव."

माझ्यासारखी बाई गप्प बसली, यावरून समजा.

बनखंडीचा राग गेला असं मी म्हणणार नाही. कालच त्याने माकडाच्या मागे उलथनं फेकलं. पण रोज सकाळी अंगणात बसतो, नाक धरतो, मी तांदूळ निवडते. सून आतून गारी ऐकून तोंडाला पदर लावून हसते. वरात घरी परतल्यावर पहिल्याच सकाळी बापलेक दुकानात कढईपुढे बसले होते, मी दुधाची चरवी द्यायला गेले होते. गोकुलेश साय खरवडत होता. खाली बघतच त्याने विचारलं, "दद्दा, आई खुरचनमध्ये काय घालायची? तिच्या हातचं वेगळं लागायचं."

बनखंडीचा हात नाकाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्याने तो खाली घेतला. एक लांब श्वास घेतला, त्याहून लांब सोडला.

"केशर," तो म्हणाला. "माझ्या डब्यातलं. चोरून."